कर्नल अपडेटनंतर बोर्ड उठत नाही? कार्ड फॉरमॅट करायची घाई नको

रास्पबेरी पाय किंवा तशा छोट्या लिनक्स बोर्डावर एपीटी अपग्रेड (पॅकेजं नवी करणारी कमांड) बिनतक्रार संपलं, त्यात कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाही बदलला, रीबूट दिलं, लाल दिवा लागला आणि पुढे सामसूम. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) लागत नाही, एचडीएमआयवर अंधार. अशा वेळी डोक्यात पहिल्यांदा येतं ते एसडी कार्ड काढून नवी इमेज चढवणं. ते जरा लांबवा. कर्नल अपडेटमुळे अडलेल्या कार्डावर तुमच्या फाइल्स, डेटाबेस, सेटिंग्ज बहुतेकदा जागच्या जागी असतात. तुटलेली असते ती बूटच्या साखळीतली एखादीच कडी. कुठली, हे ओळखलं की दुरुस्ती अर्ध्या तासाची. न ओळखता हात चालवायला लागलात तर शनिवार-रविवार गेला म्हणून समजा.

(कमांड आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना बहुतेक नेहमीसारखी छोट्या इंग्रजी अक्षरांत. काही नावांत मात्र मोठी अक्षरं लागतात, उदाहरणार्थ टीटीवाययूएसबी० मधलं यूएसबी, मॉड्यूल्स=मोस्ट मधलं मॉड्यूल्स, किंवा रीडमी.)

पीसीवर कर्नल बिघडला तर ग्रब या बूटलोडरच्या (कर्नल चढवणारा प्रोग्राम) मेनूत जाऊन जुना निवडता येतो. छोट्या बोर्डांवर सहसा असा मेनू नसतो. शिवाय बोर्डाला स्वतःवर कुठलं हार्डवेअर आहे हे आपोआप कळत नाही. ते कर्नलला डिव्हाइस ट्री नावाच्या डीटीबी फाइलमधून सांगावं लागतं. म्हणजे बूट व्हायला चार गोष्टी एकमेकींशी जुळलेल्या हव्यात: कर्नलची इमेज, डीटीबी आणि त्यावरचे ओव्हरले (जास्तीच्या हार्डवेअरची भर), इनिटरामएफएस (मुख्य डिस्क सापडेपर्यंतची छोटी तात्पुरती सिस्टम), आणि /लिब/मॉड्यूल्समधलं त्याच आवृत्तीचं ड्रायव्हरचं फोल्डर. रास्पबेरी पायवर यातल्या पहिल्या तीन छोट्या फॅट पार्टिशनवर असतात आणि चौथी मोठ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर. अपडेट दोन्हीकडे लिहितं. एकीकडे लिहून झालं आणि दुसरीकडे राहिलं, मधेच लाइट गेली, जागा संपली, की जोडी फुटली. ‘नवा कर्नलच खराब आहे’ हा निष्कर्ष बहुतेक जण सगळ्यात आधी काढतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी काढावा.

खरंच बूट अडलंय का?

हे आधी तपासा, कारण निम्मा गोंधळ इथेच मिटू शकतो. बोर्डावरचा हिरवा दिवा अनियमितपणे लुकलुकत असेल तर कार्डावरून वाचन चालू आहे, म्हणजे कर्नल बहुधा चालतोय. राउटरच्या यादीत बोर्ड दिसतो का बघा. कदाचित आयपी बदलला असेल.

आयपी बदलायचं एक नेहमीचं कारण म्हणजे इथरनेटचं नाव. नव्या सिस्टमडीमध्ये (बूटनंतर सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) डिव्हाइस ट्रीवरून नाव ठरतं आणि ईटीएच० चं ईएनडी० होतं. नेटवर्क सेटिंगमध्ये तुम्ही ईटीएच० लिहून पक्का आयपी दिला असेल तर बोर्ड ठणठणीत उठतो, फक्त नेटवर्कवर येत नाही. डोकं आपटायची गरज नाही, कार्ड दुसऱ्या लिनक्सवर लावा आणि नाव बदला.

दुसरं कारण एफएसटॅब, म्हणजे बूटच्या वेळी कुठल्या डिस्क माउंट करायच्या त्याची यादी. बाहेरची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिलेली आहे, पण नव्या कर्नलवर ती उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. सिस्टमडी तिच्यासाठी दीड मिनिट थांबतो आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. तिथे रूट या मुख्य खात्याला पासवर्ड नसल्यामुळे ‘कॅनॉट ओपन ॲक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड’ असा मेसेज देऊन बसून राहतो. बाहेरून बघणाऱ्याला बोर्ड मेल्यासारखाच वाटतो. उपाय एका ओळीचा: त्या डिस्कच्या पर्यायांत नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस घाला. दुसरं लिनक्स हाताशी नसेल तर कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीच्या (पायवर सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल) शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडून थेट शेलमध्ये जाता येतं. पण तिथे रूट पार्टिशन (ज्यावर मुख्य सिस्टम आहे ते) फक्त वाचण्यापुरतं माउंट झालेलं असतं, म्हणून आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या. काम झाल्यावर सिंक, आणि मग रीबूट -एफ.

यूएसबीवरून बूट करणाऱ्यांसाठी आणखी एक जागा. काही यूएसबी-साटा ॲडॅप्टरची यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) अर्धवट असते आणि कर्नल बदलला की एकदम नखरे सुरू होतात: डिस्क दिसते, नाहीशी होते, परत दिसते. लॉगमध्ये यूएएस_ईएच_अबॉर्ट_हँडलर अशा ओळी असतील तर तेच. सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये यूएसबी-स्टोरेज.क्विर्क्स= लिहून त्यापुढे एलएसयूएसबीने दाखवलेले दोन चार-अंकी क्रमांक आणि शेवटी :यू जोडा. यूएएस त्या ॲडॅप्टरपुरतं बंद होतं. वेग थोडा कमी होतो, डिस्क टिकते.

सिरियल केबल घ्या

वर सांगितलेलं काही नसेल तर अंदाज बंद करा आणि बोर्ड काय म्हणतोय ते ऐका. एचडीएमआय त्यासाठी उपयोगाचं नाही. तिथे चित्र येतं तोवर निम्मं बूट झालेलं असतं. बोर्डाचे बूटचे मेसेज सिरियल पिनांवरून पीसीवर आणणारा यूएसबी-टीटीएल ॲडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. घेताना दोन गोष्टी बघा. एक, ३.३ व्होल्टचा जंपर किंवा पर्याय हवा. ५ व्होल्टचा सिग्नल बोर्डाची पिन जाळू शकतो. दोन, चिप कुठली आहे. रास्पबेरी पाय आणि ऑलविनर प्रोसेसरच्या बोर्डांना ११५२०० बॉडरेट (सिरियलचा वेग) पुरतो, कुठलाही ॲडॅप्टर चालेल. रॉकचिप प्रोसेसरचे बोर्ड मात्र सहसा १५००००० वर बोलतात, आणि जुना सीपी२१०२ अधिकृतपणे १० लाखांपर्यंतच जातो. त्यावर नुसता कचरा दिसतो आणि माणूस बोर्डाला दोष देतो. सीएच३४०जी किंवा एफटी२३२ घ्या.

जोडणी: पायच्या ४० पिनांच्या हेडरवर ६ नंबरची पिन ग्राउंड, ८ नंबर बोर्डाची टीएक्स (पाठवणारी), १० नंबर आरएक्स (घेणारी). बोर्डाची टीएक्स ॲडॅप्टरच्या आरएक्सला आणि उलट. ॲडॅप्टरची लाल वायर मोकळीच ठेवा, बोर्ड त्याच्या स्वतःच्या पॉवर सप्लायवरच चालू द्या. पाय ५ वर दोन मायक्रो एचडीएमआयच्या मध्ये डीबगसाठी तीन पिनांचं वेगळं छोटं सॉकेट आहे. ऑरेंज पायच्या बऱ्याच बोर्डांवरही तीन पिनांचं स्वतंत्र हेडर असतं.

पायवर कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये इनेबल_यूएआरटी=१ लिहा. पाय ४ किंवा आधीचा असेल तर यूएआरटी_२एनडीस्टेज=१ सुद्धा, म्हणजे कर्नलच्या आधी फर्मवेअर काय करतं तेही दिसेल. ही फाइल फॅट पार्टिशनवर असल्यामुळे विंडोज किंवा मॅकवरही बदलता येते. लिनक्सवरून ऐकायला पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी०. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स.

पाय: कर्नलच सापडत नाही

सिरियल नसेल तरी पायचा हिरवा दिवा बरंच सांगतो. पुन्हा पुन्हा ४ छोटे लुकलुक म्हणजे स्टार्ट.ईएलएफ फाइल मिळाली नाही. ७ म्हणजे कर्नलची इमेज मिळाली नाही. २ लांब आणि १ छोटा म्हणजे पार्टिशन फॅट नाही. २ लांब, २ छोटे म्हणजे पार्टिशन वाचता आलं नाही. पाय ४ आणि ५ मध्ये बूटलोडर बोर्डावरच्याच ईईपीरॉम या छोट्या चिपमध्ये असतो, त्यामुळे कार्ड काढलं तरी एचडीएमआयवर निदानाची स्क्रीन यायला हवी. तीही येत नसेल तर कर्नलचा विषय सोडा, आधी ईईपीरॉम आणि पॉवर बघा. ईईपीरॉम परत लिहायची छोटी इमेज रास्पबेरी पाय इमेजरमध्येच मिळते. दुसऱ्या कार्डावर लिहून लावली की हिरवा दिवा भराभर लुकलुकतो आणि स्क्रीन हिरवी होते.

कर्नल न सापडण्याचं खरं कारण बऱ्याचदा अगदी साधं असतं: फॅट पार्टिशन भरलं. रास्पबेरी पाय ओएसच्या बस्टर आणि बुल्सआय या जुन्या आवृत्त्यांच्या इमेजमध्ये ते २५६ एमबी होतं, त्यांच्यानंतरच्या बुकवर्मपासून ५१२ एमबी. बुकवर्ममध्ये कर्नलचे एकापेक्षा जास्त प्रकार एकत्र येतात, ६४ बिटमध्ये व्ही८ आणि पाय ५ साठीचा २७१२, आणि प्रत्येकाचं इनिटरामएफएस वेगळं. जुन्या इमेजवरून अपग्रेड करत आलेल्या कार्डावर हे सगळं मावत नाही. कॉपी अर्ध्यात तुटते, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ शेकडो ओळींत वाहून जाते आणि माणूस निवांतपणे रीबूट करतो.

ती ओळ गेलेली नसते. कार्ड दुसऱ्या लिनक्सवर लावून /व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग उघडा. शेवटच्या अपडेटमध्ये पडद्यावर जे जे आलं ते सगळं तिथे आहे. मी तर म्हणेन, कुठल्याही कर्नल-अपडेटच्या तपासात सगळ्यात आधी उघडायची फाइल हीच, आणि सगळ्यात कमी लोक उघडतात तीही हीच.

त्याच लॉगमध्ये आणखी एक प्रकार सापडतो. बाहेरून टाकलेला वायफायचा ड्रायव्हर डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत बांधणारी व्यवस्था) बांधला जात असेल आणि नव्या कर्नलवर तो बांधताना फसला, तर वायफाय गेलं एवढ्यावर भागत नाही. कर्नल बसल्यानंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मध्ये असतात आणि इंग्रजी वर्णक्रमाने चालतात. डीकेएमएस आधी, इनिटरामएफएस त्याच्यानंतर, फॅटवर कॉपी करणारी झेड५०-रास्पी-फर्मवेअर सगळ्यात शेवटी. पहिलीने मान टाकली की मागच्या दोन्ही चालत नाहीत. मॉड्यूल नवी, कर्नल जुना. म्हणून अपडेटच्या शेवटी ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज’ दिसलं तर रीबूट अजिबात नको. आधी तो ड्रायव्हर काढा, मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायला डीपीकेजी --कॉन्फिगर -ए.

मॉड्यूल नवी आणि कर्नल जुना ही जोडी दुसऱ्या वाटेनेही तयार होते. बुकवर्ममध्ये फॅट पार्टिशन /बूट ऐवजी /बूट/फर्मवेअरवर माउंट होतं. एफएसटॅबमध्ये जुनीच जागा राहिली असेल, किंवा फॅटमध्ये चूक सापडल्यामुळे ते फक्त वाचण्यापुरतं माउंट झालं असेल, तर नव्या फाइल्स त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. बोर्ड जुन्या कर्नलवर उठतो खरा, पण एपीटीच्या ऑटोरिमूव्हने (नको असलेली पॅकेजं काढणारी कमांड) जुनी मॉड्यूल पुसलेली असतील तर वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, कधी कीबोर्डही नाही. यूनेम -आर (चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी कमांड) जे सांगतं त्या नावाचं फोल्डर /लिब/मॉड्यूल्समध्ये आहे की नाही, एवढं बघितलं की पुरे.

जागा करायला पाय ४ वरून २७१२ चे लिनक्स-इमेज पॅकेज काढून टाका, तिथे त्याचं काही काम नाही. आणि एक बारीक गोष्ट: सीएमडीलाइन.टीएक्सटी एकाच ओळीत असायला हवी. घाईत एंटर दाबला गेला तर पुढचा भाग वाचला जात नाही, आणि त्या भागात रूट= (रूट पार्टिशन कुठलं ते सांगणारा पर्याय) असेल तर मग बघायलाच नको.

यू-बूटचे बोर्ड

रॉकचिप, ऑलविनर, ॲमलॉजिकच्या बोर्डांवर आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) असेल तर मधे यू-बूट हा बूटलोडर येतो. सिरियलवर त्याच्या पहिल्या काही ओळींतच ‘बॅड सीआरसी, यूझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’ अशी वॉर्निंग दिसते. हिच्यापायी हकनाक वेळ जातो. तिचा अर्थ एवढाच की यू-बूटने सेटिंग कधी सेव्ह केलेली नाहीत, म्हणून मूळची वापरतोय. पुढे चला.

‘बॅड लिनक्स एआरएम६४ इमेज मॅजिक’ आलं तर मात्र थांबा. कर्नलची फाइल अर्धवट लिहिली गेली आहे किंवा दाबलेल्या रूपातच ठेवली गेली आहे. फाइलचा आकार बघा. शून्य किंवा संशयास्पदरीत्या लहान असेल तर पॅकेज परत बसवायचं, जे खाली येतंच आहे.

यू-बूट मोजणी करत असताना कुठलीही की दाबून त्याच्या प्रॉम्प्टवर जाता येतं, आणि इथे जुना कर्नल हाताने चालवता येतो. एमएमसी लिस्टने कार्ड कुठल्या नंबरवर आहे ते बघा (रॉकचिपवर सहसा ० म्हणजे ईएमएमसी, म्हणजे बोर्डाची स्वतःची फ्लॅश साठवण, आणि १ म्हणजे एसडी), एलएस एमएमसी १:१ /बूट ने फाइल्स बघा. मग लोड कमांडने कर्नल, डीटीबी आणि इनिटरामएफएस त्यांच्या ठरलेल्या पत्त्यांवर चढवा. पत्ते प्रिंटएन्व्हमध्ये कर्नल_ॲड्र_आर, एफडीटी_ॲड्र_आर, रामडिस्क_ॲड्र_आर या नावांनी आहेत. सेटएन्व्ह बूटआर्ग्जने रूट आणि कन्सोल द्या आणि शेवटी बूटी. इथे फसण्याची जागा इनिटरामएफएसची: यूइनिटआरडी नावाच्या फाइलला यू-बूटचं डोकं लावलेलं असतं, ती नुसत्या पत्त्यावर चालते, साधी इनिटआरडी.आयएमजी दिली तर पत्त्यापुढे कोलन आणि आकार द्यावा लागतो. आकार फाइलसाइझ या व्हेरिएबलमध्ये असतो, पण तो शेवटी लोड केलेल्या फाइलचा. म्हणून इनिटआरडी सगळ्यात शेवटी लोड करा.

आता सगळ्यात छळणारा प्रकार: ‘स्टार्टिंग कर्नल...’ ही ओळ येते आणि पुढे शांतता. याची तीन कारणं मी या क्रमाने तपासेन.

पहिलं, कर्नल चालतोय पण बोलतोय भलत्याच दारावर. रॉकचिपच्या कंपनी-कर्नलमध्ये (कंपनीने स्वतः बदललेला कर्नल) कन्सोलचं नाव टीटीवायएफआयक्यू० असतं, मेनलाइनमध्ये (मूळ लिनक्सचा कर्नल) टीटीवायएस२. एकावरून दुसऱ्यावर गेलात आणि कन्सोल= तसंच राहिलं तर सिरियल गप्प, आणि आत बोर्ड मजेत सुरू. दोन मिनिटं थांबून पिंग करून बघा. आर्मबियनएन्व्ह.टीएक्सटीमध्ये व्हर्बॉसिटी=७, कन्सोल=बोथ, आणि एक्स्ट्राआर्ग्ज=अर्लीकॉन एवढं लिहिलं की बहुतेक वेळा तोंड उघडतं.

दुसरं, डीटीबी. कंपनी-कर्नल आणि मेनलाइनमध्ये एकाच बोर्डाच्या डीटीबीचं नाव वेगळं असू शकतं. ३२ बिट एआरएमच्या डीटीबीच्या मूळ फाइल्स तर लिनक्स ६.५ मध्ये कंपनीनिहाय उपफोल्डरांत हलवल्या गेल्या, त्यामुळे जुना पक्का पत्ता लिहून ठेवलेल्या स्क्रिप्ट चुकल्या. एफडीटीफाइल= पुढे जे लिहिलंय ती फाइल /बूट/डीटीबी खाली खरोखर आहे का, डोळ्यांनी बघा. ओव्हरलेचं दुखणं त्यामानाने सौम्य. नव्या डीटीबीत एखादं लेबल बदललेलं असलं की आर्मबियनची स्क्रिप्ट ‘एरर अप्लाइंग डीटी ओव्हरलेज, रिस्टोरिंग ओरिजिनल डीटी’ म्हणते आणि ओव्हरलेशिवाय बूट करते. बोर्ड उठतो, पण तुमचा आयटूसी सेन्सर गायब.

तिसरं, पत्त्यांची टक्कर. जुन्या यू-बूटमध्ये कर्नलसाठी राखलेली जागा लहान होती, नवा कर्नल मोठा, तो इनिटरामएफएसच्या किंवा डीटीबीच्या जागेवर पसरतो. इलाज यू-बूट नवा करणं. एपीटी अपग्रेड हे काम करत नाही: यू-बूटचं पॅकेज नवं झालं तरी ते फाइल्स डिस्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवतं, बूटच्या जागी लिहीत नाही. आर्मबियनच्या मेनूतून लिहा, किंवा हाताने डीडीने (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड): रॉकचिपवर आयडीबीलोडर ६४ व्या सेक्टरवर, यू-बूट.आयटीबी १६३८४ व्या सेक्टरवर. डीडीच्या आधी डिव्हाइसचं नाव पुन्हा एकदा वाचा. पहिलं पार्टिशन ३२७६८ व्या सेक्टरच्या आत सुरू होत असेल तर अजिबात लिहू नका.

रॉकचिपवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. आरके३३९९ या प्रोसेसरचं बूटरॉम (चिपमधलाच पहिला प्रोग्राम) आधी एसपीआय फ्लॅश बघतं, मग ईएमएमसी, आणि एसडी त्यानंतर. म्हणजे तुम्ही एसडीवर नवं कोरं आर्मबियन चढवलंत तरी चालतो तो ईएमएमसीवरचा जुनाट यू-बूट, आणि तो नव्या कर्नलला झेपत नाही. ‘तीन कार्डं बदलली, तरी तेच’ या तक्रारीमागे हेच असू शकतं. ईएमएमसी काढता येत असेल तर काढून बघा. ऑलविनरमध्ये एसडी पहिली, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

कर्नल सुरू झाला, रूट मिळत नाही

इथे कर्नल पॅनिकच्या (कर्नल पुढे जाऊ न शकल्याचा मेसेज) ओळीतले दोन आकडे सगळं सांगतात. ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ आलं तर कर्नलला रूटची डिस्क ओळखताच आलेली नाही. इनिटरामएफएस नाही, किंवा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून आहे आणि ते इनिटरामएफएसमध्ये नाही. कंसात (१७९,२) असेल तर गोष्ट वेगळी: १७९ हा एमएमसीचा क्रमांक, २ म्हणजे दुसरं पार्टिशन. कार्ड दिसलं, पार्टिशन दिसलं, फाइलसिस्टमच वाचता आली नाही. पहिल्यात इनिटरामएफएस परत बनवायचं, दुसऱ्यात एफएससीके (फाइलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायचं. उलटं केलंत तर काहीच होणार नाही.

पॅनिकऐवजी (इनिटरामएफएस) असा प्रॉम्प्ट आला तर नशीब चांगलं. कॅट /प्रॉक/सीएमडीलाइनने काय मागितलंय ते बघा, बीएलकेआयडीने काय हजर आहे ते बघा. रूट=/डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ लिहिलेलं आणि हजर आहे एमएमसीबीएलके१पी२, हा जुना आजार. लिनक्स ५.१० च्या सुमारास एमएमसीचे ड्रायव्हर एकाच वेळी, आपापल्या गतीने सुरू व्हायला लागले. ईएमएमसी आधी जागं झालं की एसडीचा नंबर बदलतो. तिथे यूयूआयडी किंवा पार्टयूयूआयडी हा न बदलणारा ओळख-क्रमांकच लिहा.

दुरुस्ती: दुसऱ्या कार्डावरून

क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून पीसीवरून करता येतं, पण सोपी वाट दुसरी. त्याच बोर्डावर बूट होणारं एक दुसरं कार्ड लावा, त्यावरून बूट करा आणि आजारी कार्ड यूएसबी रीडरमध्ये घाला. प्रोसेसर तोच, क्यूईएमयूची कटकट नाही. एक सुटं कार्ड या कामासाठी डब्यात कायम ठेवलेलं बरं.

डीएमईएसजीमध्ये रीडरला कुठलं नाव मिळालं ते बघा, समजा एसडीए. काही माउंट करायच्या आधी एफएससीके.व्हीफॅट -ए /डेव्ह/एसडीए१ आणि ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए२. इथेच डीएमईएसजीत आय/ओ एररचा पाऊस पडला तर कार्ड शेवटच्या घटका मोजतंय. दुरुस्ती थांबवा आणि आधी डीडीरेस्क्यूने प्रत काढा.

मग एसडीए२ ला /एमएनटीवर माउंट करा, आणि न विसरता एसडीए१ ला /एमएनटी/बूट/फर्मवेअरवर (बुल्सआय किंवा आधीचं असेल तर /एमएनटी/बूटवर). हे दुसरं विसरलात तर नवा कर्नल रिकाम्या फोल्डरमध्ये जाईल आणि सगळं यशस्वी झाल्याचा भास होईल. डेव्ह, प्रॉक, सिस हे तिन्ही बाइंड माउंट करा आणि सीएचरूट /एमएनटी, म्हणजे पुढच्या कमांड आजारी कार्डाच्या सिस्टमवर चालतील.

आत गेल्यावर क्रम असा: डीएफ -एचने जागा बघा, डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, एपीटी -एफ इन्स्टॉल. मग इनिटरामएफएस. यूनेम -आर इथे चालत्या कार्डाचा कर्नल सांगतं, आजारी कार्डाचा नाही, त्यामुळे आवृत्ती /लिब/मॉड्यूल्समध्ये बघून हाताने द्यायची: अपडेट-इनिटरामएफएस -सी -के आणि पुढे ते पूर्ण नाव. पीसीवरून करत असाल तर /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/इनिटरामएफएस.कॉन्फमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट आहे ना, हेही बघा. तिथे डेप असेल तर ते पीसीचं हार्डवेअर बघून ड्रायव्हर निवडतं आणि बोर्डाला लागणारा एमएमसीचा ड्रायव्हर बाहेर राहतो.

जुन्या कर्नलवर परत

हे सगळं नीट असूनही नवा कर्नलच चालत नसेल तर मागे या. पायवर बुकवर्ममध्ये जुना कर्नल बऱ्याचदा रूट पार्टिशनच्या /बूटमध्ये पडून असतो, फॅटवर मात्र एकच आवृत्ती. जुनी व्हीएमलिनझ (शेवटचं अक्षर झेड) फाइल फॅटवर कर्नल८.आयएमजी या नावाने कॉपी करा, जुनी इनिटआरडी इनिटरामएफएस८ या नावाने (पाय ५ वर कर्नल_२७१२.आयएमजी आणि इनिटरामएफएस_२७१२). डीटीबी आणि ओव्हरले /यूएसआर/लिब/लिनक्स-इमेज- आणि पुढे आवृत्ती या फोल्डरमध्ये आहेत, तेही न्या. आधी त्या आवृत्तीची मॉड्यूल शिल्लक आहेत ना बघा, नाहीतर वर सांगितलेली फुटकी जोडी आपणच तयार करू.

आर्मबियनमध्ये कर्नलच्या पॅकेजच्या नावात आवृत्ती नसते, उदाहरणार्थ लिनक्स-इमेज-करंट-रॉकचिप६४. त्यामुळे अपडेट जुन्या कर्नलला पुसूनच बसतं. एपीटी लिस्ट -ए ने उपलब्ध आवृत्त्या बघा, किंवा /व्हार/कॅशे/एपीटी/अर्काइव्ह्जमध्ये जुनी डेब फाइल राहिली आहे का शोधा. इमेज आणि डीटीबी ही दोन्ही पॅकेजं एकाच आवृत्तीची बसवा. मग दोन्हींवर एपीटी-मार्क होल्ड. होल्ड लावलं हे कुठेतरी लिहून ठेवा, कारण सुरक्षेचे पॅचही तेवढ्यापुरते थांबतात.

पुढच्या अपडेटच्या आधी

गच्चीवर, शेतातल्या पंपाजवळ, परगावी आईवडिलांच्या घरी लावलेल्या पायसाठी ट्रायबूट (नवा कर्नल एकदाच चालवून बघायची सोय) वापरा. पाय ४ आणि ५ दोन्हींवर चालतं. फॅट पार्टिशनवर नव्या कर्नलसाठी एक उपफोल्डर करा, त्यात कर्नल, डीटीबी, इनिटरामएफएस, सीएमडीलाइन.टीएक्सटी आणि ओव्हरले ठेवा. कॉन्फिग.टीएक्सटीची प्रत ट्रायबूट.टीएक्सटी नावाने करून त्यात ओएस_प्रीफिक्स= पुढे त्या फोल्डरचं नाव लिहा, शेवटी तिरपी रेघ विसरू नका. त्या फोल्डरमधल्या ओव्हरलेजमध्ये रीडमी नावाची फाइल असायलाच हवी, नाहीतर फर्मवेअर गुपचूप बाहेरचे जुने ओव्हरले उचलतं.

नव्या सीएमडीलाइनमध्ये पॅनिक=१० जोडा आणि सुडो रीबूट '० ट्रायबूट' द्या. तो एकदाच नव्या कर्नलवर जातो. पॅनिक झालं तर दहा सेकंदांत आपोआप रीबूट होऊन जुन्यावर परत येतो. नुसता गोठला तर कुणाला तरी फोन करून प्लग काढून लावायला सांगितलं की पुरतं. चांगला उठला आणि दोन-तीन दिवस नीट चालला की मगच नव्या फाइल्स मुख्य जागी हलवा.